रविवारची पाच मिनिटं

आधी कबुलीजबाब. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीतली. म्हणजे चार वर्षं डिझेल सायकलचा पीव्ही डायग्राम काढला, व्हायव्हाला कॉम्प्रेशन रेशो सांगितला, आणि पहिला पगार जावाने दिला. आपल्यापैकी निम्म्यांची हीच कथा असेल, त्यामुळे हसू नका.

तर गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी कराडला घरी बाबांची 2004 सालची इंडिका डिझेल साडेचार वर्षांनी स्टार्ट झाली. तिसऱ्या सेल्फला. अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. आई नारळ घेऊन आली. आणि त्यानंतर बरोबर सहा-सात मिनिटांनी तीच गाडी मी गल्लीच्या तोंडाशी मुरमाच्या ढिगात घातली, कारण ब्रेक लागला नाही.

कुणाला काही झालं नाही हे आधीच सांगून टाकतो. बंपर गेला, एक हेडलाइट गेला. पण पाच मिनिटांपूर्वी त्याच ठिकाणी शेजारच्यांची सात-आठ वर्षांची मुलगी सायकलवर गोल गोल फिरत होती, तिच्या आईने जेवायला हाक मारली म्हणून ती आत गेली होती. हे वाक्य मी त्या दिवसापासून मनात कितीतरी वेळा म्हटलंय. आजची पोस्ट त्या वाक्यामुळे आहे, आणि ती जरा तावातावाने लिहिली जाणार आहे. सांभाळून घ्या.

माझं भांडण आहे ते दोन वाक्यांशी. पहिलं वाक्य, "दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायची, बास, गाडीला काही होत नाही." दुसरं, "स्टार्ट झाली ना? मग चालू आहे गाडी." ही दोन वाक्यं तुम्ही ऐकली असतील, म्हटली असतील. मीही म्हटलीयत. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं तर जीवघेणं आहे.

आधी पार्श्वभूमी

2004 च्या दसऱ्याला ही गाडी घरी आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पुढे घरातली सगळी लग्नं, सगळे दवाखाने, पंढरपूर, गोंदवले, माझं पुण्याला होस्टेलचं सामान, सगळं तिनेच वाहिलं. 1,14,000 किलोमीटर. 2019 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा बाबांनी मोठ्या हौसेने आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून आणली. आणि मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला.

गाडी अंगणात उभी राहिली. त्याच वर्षी बाबांच्या डोळ्याचं निघालं आणि त्यांनी स्टिअरिंग सोडलं. मी पुण्यात, वर्क फ्रॉम होम. मग शेजारच्या काकांनी स्वतःहून जबाबदारी घेतली. दर रविवारी सकाळी पूजा आटोपून यायचे, किल्ली मागायचे, गाडी स्टार्ट करायचे, पाच मिनिटं दोन-चारदा रेस करायचे, बंद करून किल्ली परत द्यायचे. विनामोबदला, न चुकता. आईने दिलेला चहासुद्धा कधीकधी नको म्हणायचे. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते काकांविरुद्ध नाही. काकांनी प्रेमाने केलं. पण प्रेमाने केलेली गोष्ट बरोबर असतेच असं नाही, हे आपल्या घराघरात माहीत असूनही आपण बोलत नाही.

पहिली बॅटरी 2020 च्या पावसाळ्यात मेली. जुनी होती, म्हटलं असेल. दिवाळीला नवी घातली. तीही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मेली. आम्ही बॅटरीवाल्याला यथेच्छ शिव्या घातल्या, गाडीवर निळी ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी सुतळीने घट्ट बांधली आणि विषय संपवला. "बाबांची आठवण आहे, राहू दे." बाबा घरात टीव्ही बघत बसलेले असताना आम्ही त्यांच्या गाडीला आठवण म्हणायला लागलो होतो. असो.

आता जरा हिशेब

मुरमाच्या ढिगानंतर मी वही घेऊन बसलो. आयटीत बग सापडला की आधी लॉग बघतात, तसं.

प्रश्न पहिला: नवी बॅटरी का मेली? मला वाटायचं, सेल्फ मारताना खूप करंट जातो आणि तो पाच मिनिटांत भरून निघत नाही. गणित केलं तर मीच चूक निघालो. समजा सेल्फ चार सेकंद 200 अँपिअर खातो, म्हणजे 0.22 अँपिअर-अवर. हीटर प्लग दहा सेकंद चाळीसेक अँपिअर, म्हणजे 0.11. एकूण 0.33. इंजिन आयडलिंगला असताना अल्टरनेटरने बॅटरीत दहा अँपिअर घातले असं उदार मनाने धरलं, तरी पाच मिनिटांत 0.8 अँपिअर-अवर येतात. म्हणजे सेल्फचं उधार फिटतं!

मग चोर कोण? चोर उरलेल्या आठवड्यात बसलाय. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, अलार्म, असा बारीक करंट किल्ली काढल्यावरही चालूच असतो. तो फक्त 20 मिलिअँपिअर धरला तरी आठवड्याचे 168 तास गुणिले 0.02, म्हणजे 3.36 अँपिअर-अवर. शिवाय बॅटरी आपोआप थोडी उतरते ते वेगळं. म्हणजे आठवड्याला साडेतीनच्या वर जातात, रविवारी निव्वळ अर्धा येतो. तीन अँपिअर-अवरचा आठवडी तोटा. साठ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-साडेतीन महिन्यांत अर्ध्याच्या खाली. आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जर लावला तरी ती पहिल्यासारखी होत नाही.

यातले अँपिअर मी गृहीत धरलेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे असतील. पण उत्तराची दिशा बदलत नाही. आणि उपाय काय होता? दहा नंबरचा पाना घेऊन निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. चाळीस रविवार वाचले असते.

प्रश्न दुसरा: सायलेन्सर आतून का सडला? यातलं केमिस्ट्री आपण अकरावीत शिकलोय. डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळलं की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनचं पाणी. किती पाणी? एक लिटर डिझेल जाळलं की साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. हे वाचून मलाही आधी खरं वाटलं नव्हतं, मग गुणाकार करून बघितला. गरम गाडीत ती वाफ धुराबरोबर निघून जाते. थंड गाडीत तिच्यातली काही सायलेन्सरमध्ये आणि पाइपात थंड होऊन पाणी होते आणि तिथेच बसते. आयडलिंगला तासाला अर्धा लिटर डिझेल धरलं तर पाच मिनिटांत चाळीस मिलिलिटर. चाळीस रविवारांचं दीड लिटरच्या वर. म्हणजे काका दर आठवड्याला सायलेन्सरला अभिषेक घालत होते.

इंजिनाच्या आतही तेच. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडी वाफ खाली ऑइलमध्ये जाते. ऑइल नीट तापलं तर ती उडून जाते, आणि डिझेल इंजिन नुसतं उभ्या उभ्या आयडलिंगला तापत नाही. थंडीच्या दिवसांत घाटात हीटर लावून बघितलेल्या कुणालाही विचारा. पाच मिनिटांत काटा जागचा हलत नाही. ऑइलमध्ये पाणी साठतं, त्यात धुरातलं ॲसिड मिसळतं, आणि पुढचा रविवार येईपर्यंत बेअरिंगं त्या मिश्रणात बसून राहतात.

आणि प्रश्न तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: या चाळीस रविवारांत गाडी किती हलली? शून्य. टायर त्याच जागेवर चपटे. ब्रेकचं पेडल किती वेळा दाबलं? कशाला दाबतील! क्लच, स्टिअरिंग, हँडब्रेकची केबल, काहीही नाही. गाडी म्हणजे फक्त इंजिन अशी आपली समजूत आहे. जिवंत आहे की नाही बघायला नाडी बघतात ते ठीक, पण नाडी लागली म्हणून पेशंटला मॅरेथॉनला पाठवत नाहीत ना?

त्या शनिवारी काय झालं

मिस्त्री चांगला माणूस. आमच्याकडे वीस वर्षं येतो. मी त्याला फोनवर काय सांगितलं? "गाडी चालू करून द्या." त्याने चालू करून दिली. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणली, टाकीतलं डिझेल खराब असणार हे ओळखून पंपाला बाटली लावली, हाताने एअर काढली, हीटर दिला, सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा भडभड पांढरा धूर आणि मग तो ओळखीचा खडखडाट. बाबा ओट्यावर उभे होते, ते खाली आले आणि काही न बोलता डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, रिक्वायरमेंटच चुकली. मिस्त्रीने मागितलेलं दिलं. मी मागायला पाहिजे होतं, "गाडी थांबते का बघा."

अंगणात मागे-पुढे घेतली तेव्हा ब्रेक लागला. म्हणून मी बेफिकीर. गल्लीला उतार आहे. निम्म्यात पेडल जरा जोरात दाबलं आणि ते सरळ खाली फ्लोअरला गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, काही नाही. हँडब्रेक ओढला तर केबल आतल्या आत जाम, नुसती काडी वर आली. पहिला गिअर टाकला, स्टिअरिंग डावीकडे मारलं, आणि कुणाच्या तरी बांधकामाचा मुरूम होता त्यात गेलो. त्या माणसाने तो ढीग चार महिने रस्त्यात ठेवला म्हणून आई रोज बोलायची. आता बोलत नाही.

नंतर खोलल्यावर कळलं. मास्टर सिलिंडरमधला रबरी सील रोज ज्या थोड्याशा भागात सरकतो तेवढा भाग गुळगुळीत राहतो, त्याच्या पुढे पाण्याने गंज धरलेला असतो. हळू दाबलं की सील गुळगुळीत भागात, म्हणून ब्रेक लागतो. जोरात दाबलं की सील गंजावर घासून फाटतो. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची खरी गरज, त्याच क्षणी तो जातो. पाणी कुठून आलं? ब्रेक ऑइल हवेतून पाणी शोषून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. म्हणून तर ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. नवं कोरडं डॉट-3 ब्रेक ऑइल 205 अंशांना उकळतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलं की तेच मानकाप्रमाणे 140 अंशांना उकळलं तरी चालतं. खंबाटकी उतरताना ब्रेक किती तापतात हा विचार करा आणि पाण्याची वाफ झाली की पेडल कसं स्पंज होतं याचाही. आणि कराडचा पावसाळा साडेचार वर्षं, वर हवा न खेळणारी प्लॅस्टिकची ताडपत्री. ब्रेक ऑइल चहासारखं दिसत होतं.

यात गाडीचा दोष शून्य. दोष आमचा.

मग कसं करायचं?

नुसता टीका करून पळालो असं नको, म्हणून दुसऱ्या खेपेला जे केलं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळे जण तो बरोबर उलटा करतात.

सगळ्यात आधी गाडी थांबली पाहिजे. चारही चाकं काढली. मागचे ड्रम लायनरला चिकटले होते, ते हातोडीने ठोकून सुटे केले. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, चारही रबरी होज नवे. नवं ब्रेक ऑइल. डिझेलवाल्यांसाठी आणखी एक: पेट्रोल गाडीत ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाच्या थ्रॉटलमुळे मिळतो, अशा जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो आणि त्याचा पाइपही बघायचा, नाहीतर ब्रेक लागेल पण दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागेल.

मग टायर. नक्षी छान शिल्लक होती. मिस्त्री म्हणाला, "अजून वीस हजार चालतील." टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर 1216 होतं, म्हणजे 2016 चा बारावा आठवडा. कडेला नखाएवढ्या चिरा. नक्षी किलोमीटरने झिजते, रबर वर्षांनी म्हातारं होतं. बदलले.

मग इंधन. टाकी उतरवली. तळाशी पाणी, आणि पाणी आणि डिझेल यांच्यामध्ये काळपट शेवाळासारखा चिकट थर. हे जिवंत प्रकरण असतं, बुरशी आणि बॅक्टेरिया. पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. असं डिझेल पंपात गेलं तर फिल्टर तुंबतो हे कमीत कमी. टाकी धुतली, पाइप फुंकले, फिल्टर बदलला. इथे एक सल्ला हमखास मिळतो, "थोडं पेट्रोल टाक डिझेलमध्ये, पटकन पकडेल." कृपा करून टाकू नका. या गाड्यांच्या रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पेट्रोल टाकणं म्हणजे ते वंगण धुऊन काढणं. आणि हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारणं म्हणजे आगीशी खेळ, शब्दशः. पंप आम्ही पंप-नोझलवाल्याकडे नेऊन सील बदलून कॅलिब्रेट करून घेतला, सगळ्यात महागाचं काम ते नाही, पण सगळ्यात जास्त वाट बघायला लावणारं ते.

आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, इंजिन. हीटर प्लग काढून त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, रात्रभर मुरू दिलं. सकाळी क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे. कुठे अडकतंय का? आत पाणी आहे का? डिझेलच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी कमी उरते की थोडं पाणी असलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. हाताने फिरवताना अडकलं तर कळतं. सेल्फने फिरवताना अडकलं तर आवाज येतो, आणि तो आवाज पंधरा-वीस हजारांचा असतो. जुनं ऑइल, फिल्टर, कूलंट बदललं. टायमिंग बेल्ट बदलला. तो रबराचा, म्हणजे टायरचाच नियम. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून अशा गाडीला ढकलस्टार्ट हा प्रकार तर अजिबातच नको, सगळा झटका त्या म्हाताऱ्या बेल्टला बसतो.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने माझ्या आईच्या जुन्या साडीच्या चिंध्यांचं घर केलं होतं. आणि एका उघड्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घरटं. हे सगळं स्टार्ट झालेल्या गाडीत होतं, लक्षात घ्या. त्या शनिवारी आम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा उंदराचं घर आतच होतं.

मग पंपाचा कट-ऑफ सोलेनॉइडचा वायर काढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, सेल्फ मारत राहिलो, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मगच वायर जोडला. हवा आत जाते तिथे मिस्त्री एक फळकूट घेऊन उभा. जुना पंप अडकला आणि इंजिन स्वतःहून सुसाट सुटलं, तर किल्ली काढून थांबेलच असं नाही. हवा बंद करणं हा खात्रीचा उपाय. हाताने नाही, फळकुटाने.

दुसऱ्या सेल्फला लागली. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई आत होती. बाबांनी फक्त ब्रेकचं पेडल दोन्ही हातांनी दाबून बघितलं.

"पण आमच्या वेळी..."

हो, येणारच हे. "आमच्या वेळी ट्रक सहा-सहा महिने उभे असायचे, एक सेल्फ मारला की चालू." बरोबर आहे. जुन्या मेकॅनिकल डिझेलला ना स्पार्क लागतो ना कॉम्प्युटर. हवा, डिझेल आणि दाब मिळाला की ते पेटतं. हाच तर सापळा आहे! ते इतकं सहज पेटतं की बाकी सगळं ठीक आहे असं वाटतं. नवी गाडी निदान पन्नास दिवे लावून रडते तरी.

आणि नवी गाडीवाल्यांनी फार खूश होऊ नये. तुमच्यापैकी कितीजणांची बीएस-6 डिझेल एसयूव्ही वर्क फ्रॉम होममुळे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आठवडाभर उभी असते आणि रविवारी तुम्ही खाली जाऊन पाच मिनिटं स्टार्ट करता? त्या गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ व्हायला एक्झॉस्ट भरपूर तापावा लागतो, म्हणजे हायवेवर मोकळं पळवावं लागतं. पाच मिनिटांच्या आयडलिंगने तो फक्त भरतो. म्हणजे तुमची पाच मिनिटं काकांच्या पाच मिनिटांपेक्षा महाग पडणार आहेत. दोन आठवड्यांतून एकदा अर्धा तास हायवेला न्या. ते जमत नसेल तर स्टार्टही करू नका, नीट झोपवा: टाकी फुल्ल, म्हणजे आत हवा कमी आणि पाणी कमी, ताजं ऑइल, टायरमध्ये थोडी जास्त हवा, हँडब्रेक खाली, गिअरमध्ये, चाकाला विटा, निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं, सायलेन्सरच्या तोंडाला फडकं आणि ते काढायची आठवण करणारी चिठ्ठी स्टिअरिंगला. कव्हर कापडाचं, ताडपत्री नाही.

आणि शेवटचा, नकोसा प्रश्न

बिल सांगतो. ब्रेक 7,200. टायर 14,800. बॅटरी 5,800. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप 5,400. ऑइल, कूलंट, फिल्टर 4,300. टाकी आणि पाइप 3,100. पंप 8,900. एकूण 49,500 रुपये. बंपर-हेडलाइट आणि सायलेन्सर यात नाही. एवढ्याला तशी गाडी विकत मिळेल. शिवाय आरसी 2024 मध्येच संपलेली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींची रिन्यूअल फी 10,000 केली. पर्यावरण कर, उशिराचा दंड, इन्शुरन्स, पीयूसी, नवी नंबर प्लेट हे वेगळंच. तोवर ती रस्त्यावर आणायची तर टोचन लावून. आणि खरं सांगायचं तर त्या शनिवारी ना आरसी होती ना इन्शुरन्स. "गल्लीतच तर आहे" म्हणून. त्या मुलीला लागलं असतं तर काय म्हणणार होतो, गल्लीतच तर लागलं?

म्हणून माझं म्हणणं असं. गाडी ठेवायची असेल तर ठेवा, पण तिचा खर्च आणि तिचा वेळ मान्य करून ठेवा. नसेल जमत तर अधिकृत स्क्रॅपवाल्याला द्या, सर्टिफिकेट घ्या, जाताना हळद-कुंकू लावा, रडा हवं तर. जुनी डिझेल आहे, बीएस-6 च्या मानाने ती धूर ओकते, त्यामुळे तिला निरोप देणारा माणूस वाईट नव्हे. दोन्ही रस्ते सरळ आहेत. वाकडा रस्ता तिसरा. ताडपत्रीखाली ठेवायची, आठवड्याला पाच मिनिटं नाडी बघायची, आणि आपण काळजी घेतो असं स्वतःला सांगायचं. ती काळजी गाडीची नसते. टोचणी लागू नये म्हणून आपण आपलीच काळजी घेत असतो. पुण्यात बसून दर रविवारी घरी पाच मिनिटांचा फोन करणाऱ्या मला हे जरा उशिराच कळलं.

आम्ही ठेवायचं ठरवलंय. फिटनेससाठी तारीख मिळाली आहे, गाडी टोचन लावून जाणार आहे. पास झाली तर बाबांना डावीकडे बसवून गोंदवल्याला नेईन. नाही झाली तर निर्णय झालेला आहे, घरी सगळ्यांनी मिळून घेतलाय.

काकांना हा बॅटरीचा हिशेब वहीत दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "अरे मग तेव्हाच सांगायचं की. इंजिनीअर ना तू?"

बोला आता!